रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना कंपायलरचा ई0502 हा एरर-कोड एका ओळीत मिटवला की दुसऱ्या ओळीत उगवतो, त्यावर काय करायचं

हे ज्यांच्यासाठी लिहितोय ते नवशिके नाहीत. जावा, सी प्लस प्लस, पायथन यात आठ-दहा वर्षं काढलेली माणसं, ज्यांना मेमरी म्हणजे काय, थ्रेड म्हणजे काय हे चांगलं माहितीये, आणि तरी रस्टमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळी गाडी एकाच जागी रुतते. मी जावामधून आलो, माझीही तिथेच रुतली होती, आणि नंतर टीममधल्या ज्या ज्या लोकांना शिकवलं त्यांचीही जवळजवळ त्याच जागी रुतली, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

लक्षण असं. सिंटॅक्स आलेला असतो, मॅच, ऑप्शन, रिझल्ट आवडायला लागलेले असतात, छोटे प्रोग्रॅम चालतात. मग आपण पहिला खराखुरा प्रोजेक्ट घेतो, चार-पाच स्ट्रक्ट, पंधरा-वीस मेथड, आणि कंपायलर ई0502 देतो, म्हणजे ही गोष्ट आधीच कुणाला तरी वाचायला दिलीये, ती वापरात असेपर्यंत बदलायला देता येणार नाही. आपण ओळ वर-खाली करतो, एक क्लोन टाकतो, म्हणजे वस्तूची प्रतच करतो, एरर जाते. दोन दिवसांनी दुसऱ्या मेथडमध्ये ई0499, म्हणजे एकाच गोष्टीवर दोन म्यूटेबल बॉरो, तीच वस्तू बदलण्यासाठी दोघांनी एकदम उसनी मागितलेली. तिथे आणखी एक क्लोन. मग ई0505, मग ई0507, म्हणजे उसनी दिलेली किंवा घेतलेली वस्तू दुसरीकडे हलवल्याच्या तक्रारी, आणि महिन्याभराने कोड बघितला तर दर तिसऱ्या ओळीत क्लोन, निम्मी फील्डं आरसी आणि रेफसेल या मालकी वाटून घेणाऱ्या आणि तपासणी पुढे ढकलणाऱ्या वेष्टनांमध्ये गुंडाळलेली, आणि एरर अजून येतेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही एरर दिसते ओळीत पण असते स्ट्रक्टच्या मांडणीत. ओळ दुरुस्त करत बसलो तर ती परत येणारच, कारण मांडणी तीच राहते. आणि अनुभवी माणसाला याचा त्रास जास्त होतो कारण मांडणीची सवय त्याच्या हातात मुरलेली असते, प्रत्येक ऑब्जेक्टकडे बाकी सगळ्यांचा रेफरन्स, प्रत्येक फील्डला गेटर, आणि एक मोठा मॅनेजर क्लास ज्याला सगळं माहिती असतं. जावात हे बिनबोभाट चालतं. रस्टमध्ये कंपायलर पहिल्यांदा विचारतो की या डेटाचा मालक कोण, आणि आपल्याकडे उत्तर नसतं, कारण आजवर तो प्रश्न गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी साफ करणारा, परस्पर सोडवत होता.

आधी एरर वाचायची कशी ते. ई0502 मध्ये कंपायलर बहुतेक वेळा तीन जागा दाखवतो. एक, पहिला बॉरो कुठे सुरू झाला. दोन, दुसरा बॉरो कुठे मागितला. तीन, पहिला बॉरो नंतर कुठे वापरला. सगळे जण दुसऱ्या जागेकडे बघतात कारण लाल खूण तिथे असते, आणि तिथेच खटपट करत बसतात. तिसरी जागा बघा. पहिला बॉरो अजून जिवंत का आहे याचं उत्तर तिथे असतं. रस्टच्या 2018 च्या एडिशनपासून, म्हणजे भाषेच्या त्या आवृत्तीपासून, बॉरो ब्लॉकच्या शेवटच्या कंसापर्यंत टिकत नाही, त्याचा शेवटचा वापर होईपर्यंतच टिकतो, त्यामुळे बऱ्याचदा तिसऱ्या जागेवरची ओळ, समजा एखादा प्रिंट, वर नेली की विषय संपतो. पण तिसरी जागा जर फॉर लूपच्या सुरुवातीलाच दाखवत असेल, म्हणजे पहिली आणि तिसरी खूण एकाच ठिकाणी असेल, तर ओळी हलवून काही होणार नाही, कारण लूपला पुढच्या फेरीसाठी तो बॉरो लागणारच आहे.

आता माझ्यावर प्रत्यक्ष आलेली केस सांगतो, कारण सगळा मामला या एका केसमध्ये दिसतो. गोदामाच्या मालाचा हिशोब ठेवणारी एक छोटी सर्व्हिस होती. एक स्ट्रक्ट, गोदाम. त्यात माल नावाचा व्हेक, म्हणजे वाढत जाणारी यादी, सूचना नावाचा स्ट्रिंगचा व्हेक, आणि कुठला माल कुठल्या रॅकवर आहे याचा एक हॅशमॅप. एक मेथड सूचना_टाक, ती अँड म्यूट सेल्फ, म्हणजे अख्खा स्ट्रक्ट बदलण्याच्या परवानगीसह, घेते आणि सूचनांच्या व्हेकमध्ये एक ओळ ढकलते. दुसरी मेथड तपास, ती सगळ्या मालावर लूप फिरवते आणि ज्याचा साठा किमान पातळीखाली आहे त्यासाठी सेल्फ डॉट सूचना_टाक बोलावते. जावात याकडे कुणी दोनदा बघणार नाही. रस्टमध्ये लगेच ई0502.

मला त्या दिवशी खरंच राग आला होता, कारण सूचना_टाक मालाला हातही लावत नाही, वेगळ्याच फील्डमध्ये लिहिते, मग अडचण काय? अडचण ही की कंपायलर तपास ही मेथड तपासताना सूचना_टाकच्या आत डोकावतच नाही. तो फक्त तिची सही, म्हणजे सिग्नेचर, ती काय घेते आणि काय देते एवढंच, बघतो, आणि सही म्हणते मला अख्खा सेल्फ बदलण्यासाठी द्या. अख्ख्या सेल्फमध्ये मालही आला, आणि मालावर लूप चालू आहे. हे मुद्दाम असं केलेलं आहे. आत डोकावून परवानगी दिली असती तर उद्या कुणी सूचना_टाकच्या आत एक ओळ वाढवली की दुसऱ्याच फाइलमधला कोड मोडला असता. सही हाच करार. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या एरर दिसायच्या आधीच कळायला लागतात.

आणि नियम कशासाठी आहे तेही बघा, तो उगीच छळायला नाही. लूप चालू असताना सूचना_टाकने त्याच मालाच्या व्हेकमध्ये काही ढकललं असतं आणि जागा संपली असती तर व्हेक नवीन मोठी जागा घेतो, सगळं तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. लूपच्या हातातला पॉइंटर जुन्याच जागेकडे बघत राहतो. सी प्लस प्लसवाल्यांना हे पुशबॅकनंतर इटरेटर निकामी होणं म्हणून माहितीये, तिथे अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काहीही होऊ शकतं. जावावाल्यांनी हीच गोष्ट कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन म्हणून रात्री-बेरात्री प्रॉडक्शन लॉगमध्ये बघितलीये. नियम तिथेही होता, फक्त मोडल्याचं नंतर कळायचं.

मी पहिल्यांदा काय केलं, तर लूपमध्ये माल डॉट क्लोन वर फिरायला लागलो. एरर गेली. मग पुढच्या आठवड्यात त्याच लूपमध्ये साठा कमी करायचा कोड आला, मी लूपमधल्या वस्तूचा साठा कमी केला, कंपायलर गप्प, टेस्ट लिहिलेली नव्हती, आणि साठ्याचे आकडे कमीच होईनात. कारण मी कॉपीतला साठा कमी करत होतो आणि कॉपी लूप संपल्यावर टाकली जात होती. अर्धा दिवस गेला शोधण्यात. म्हणून सांगतो, क्लोन वाईट नाही, शिकताना तर बिनधास्त वापरा, आरसी किंवा त्याचा थ्रेडमध्ये चालणारा भाऊ आर्क यांचा क्लोन तर फक्त एक काउंट वाढवतो. पण क्लोन केलेली वस्तू तुम्ही बदलणार असाल तर थांबा. वाचायला क्लोन ठीक, बदलायला क्लोन म्हणजे बदल हरवणार.

मग नीट उपाय काय. गोदामाच्या केसमध्ये सगळ्यात सोपा म्हणजे मेथड न बोलावता थेट सेल्फ डॉट सूचना डॉट पुश लिहायचं. हे चालतं, कारण एकाच फंक्शनच्या आत कंपायलरला माल आणि सूचना ही दोन वेगळी फील्डं आहेत हे दिसतं आणि एक वाचायला दुसरं लिहायला देण्यात त्याला काही हरकत नसते. मेथडची भिंत मध्ये आली की हे ज्ञान हरवतं. त्यामुळेच स्ट्रक्टच्या आतल्या कामासाठी गेटर आणि सेटर लिहायची आपली सवय रस्टमध्ये नडते. गेटर बाहेरच्यांसाठी ठेवा, आत फील्डलाच हात घाला.

पण सूचना टाकताना वेळ लिहायची, जास्त झाल्या की जुन्या काढायच्या असं बरंच काही असेल तर पुश सगळीकडे लिहीत बसणार नाही कुणी. तेव्हा जो उपाय मला कायमचा वाटतो तो करा, सूचना हा वेगळा स्ट्रक्ट करा. सूचनावही म्हणा. त्यात तो व्हेक, त्यावरच टाक ही मेथड, आणि गोदामात सूचनावही हे एक फील्ड. आता लूपमध्ये सेल्फ डॉट सूचनावही डॉट टाक असं लिहिलं की फक्त त्या फील्डचा म्यूटेबल बॉरो मागितला जातो, मालाला धक्का नाही. तर्क साधा आहे, जे एकत्र बदलतं ते एका स्ट्रक्टमध्ये, जे वेगवेगळं बदलतं ते वेगळ्या. जावातही आपण हेच म्हणतो, पण तिथे न केल्याची शिक्षा दोन वर्षांनी मिळते.

मेथड मोठी असेल आणि तिन्ही फील्डं एकदम लागत असतील तर मेथडच्या पहिल्याच ओळीत लेट लावून सेल्फ फोडा, म्हणजे माल, सूचना, रॅक असे तीन वेगळे रेफरन्स हातात येतात आणि मग ते साध्या फंक्शनना हवे तसे देता येतात. दिसायला थोडं जुन्या सी सारखं दिसतं, पण वाचणाऱ्याला कुठलं फंक्शन कशाला हात लावतंय ते सहीवरूनच कळतं, मला तर आता हेच आवडतं.

तिसरा मार्ग, आधी गोळा करा मग बदला. लूपमध्ये फक्त कुठल्या कुठल्या वस्तू कमी आहेत त्यांचे आयडी एका छोट्या व्हेकमध्ये जमवा, लूप संपला, बॉरो संपला, मग त्या आयडींवर दुसरा लूप फिरवून पाहिजे ते करा. काढून टाकायचं असेल तर हव्या त्याच वस्तू ठेवणारी रिटेन मेथड आहेच. लोकांना वाटतं दोन लूप म्हणजे स्लो, पण दहा-वीस हजार वस्तूंवर हा फरक मोजायला गेलात तरी सहसा हाताला लागत नाही.

मेम टेक नावाचाही एक उपाय आहे, फील्डमधला व्हेक काढून घ्यायचा, जागी रिकामा ठेवायचा, काम झालं की परत ठेवायचा. स्वस्त आहे, कारण 64 बिट मशीनवर व्हेक म्हणजे फक्त 24 बाइटचा डबा, पॉइंटर, लांबी, क्षमता, आणि रिकामा व्हेक त्यापलीकडे मेमरी घेतच नाही. पण मध्येच प्रश्नचिन्हाने, म्हणजे एरर आली की तिथूनच परतणाऱ्या ऑपरेटरने, एरर परत गेली तर तुमचा माल परत ठेवला जाणार नाही आणि गोदाम रिकामं दिसेल. हे फार सांभाळून करा, आणि दुसरा रस्ता असेल तर करूच नका.

आता ई0499. याची नेहमीची केस म्हणजे एकाच व्हेकमधल्या दोन वस्तू एकाच वेळी बदलायच्या, रॅक तीनमधून काढून रॅक सातमध्ये टाकायचं. इंडेक्स वेगळे आहेत हे तुम्हाला दिसतं, कंपायलरला तीन आणि सात यात फरक दिसत नाही, त्याच्यासाठी दोन्ही वेळा अख्खा व्हेकच बॉरो होतो. स्प्लिट ॲट म्यूट वापरून व्हेकचे दोन तुकडे करून घेता येतात, आणि रस्ट 1.86 पासून गेट डिसजॉइंट म्यूट आलंय, त्याला दोन्ही इंडेक्स द्या, ते वेगळे असल्याचं तपासून दोन म्यूटेबल रेफरन्स देतं, हॅशमॅपवरही आहे. पण बहुतेक वेळा याची गरजच नसते, आधी तीनमधून काढा, संख्या एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग सातमध्ये टाका.

एक छुपी केस आहे जिने माझ्या एका सहकाऱ्याचे दोन दिवस खाल्ले. मेथड अँड म्यूट सेल्फ घेते आणि परत देते साधा वाचण्याचा रेफरन्स. आपल्याला वाटतं परत आलेला रेफरन्स फक्त वाचायचा आहे, म्हणजे बाकीचं वाचता येईल. येत नाही. लाइफटाइम, म्हणजे रेफरन्स किती वेळ जिवंत राहणार त्याची खूण, लिहिला नसेल तर कंपायलर परत आलेल्या रेफरन्सला सेल्फच्या बॉरोला बांधतो आणि तो बॉरो म्यूटेबल होता, त्यामुळे परत आलेला रेफरन्स हातात असेपर्यंत साधी लांबीसुद्धा विचारता येत नाही. उपाय, मेथडला खरंच बदल करायचा नसेल तर अँड सेल्फ घ्या, आणि बदल करायचाच असेल तर रेफरन्सऐवजी आयडी किंवा संख्या परत द्या आणि मग त्या आयडीने परत वाचा.

हॅशमॅपमध्ये असेल तर दे, नसेल तर टाकून दे, यासाठी एंट्री ही मेथड वापरा. गेटने बघून, मिळालं तर रिटर्न, नाही तर इन्सर्ट, असं लिहिलंत तर कोड बरोबर असूनही स्टेबल कंपायलर तो नाकारतो. इथे चूक तुमची नाही, ही सध्याच्या बॉरो चेकरची, म्हणजे कंपायलरच्या बॉरो तपासणाऱ्या भागाची, माहीत असलेली मर्यादा आहे, पोलोनियस या नावाने त्यावर बरीच वर्षं काम चालू आहे. तोवर एंट्री, किंवा आधी कंटेन्स की विचारून मग पुढे.

क्लोजरमध्ये, म्हणजे जागेवर लिहिलेल्या निनावी फंक्शनमध्ये, ही एरर येत असेल तर कार्गो टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एडिशन बघा. 2021 पासून क्लोजर लागणारी फील्डंच पकडतं, त्याआधी अख्खा सेल्फ पकडायचं. जुना प्रोजेक्ट कॉपी करून सुरुवात केली असेल तर तिथे 2018 पडलेलं असतं आणि आपण उगाच स्वतःच्या कोडला दोष देत बसतो.

आता सगळ्यात मोठं दुखणं, एकमेकांकडे बोट दाखवणारे ऑब्जेक्ट. झाडात मुलाकडे आईबापाचा रेफरन्स, ऑर्डरकडे ग्राहकाचा, ग्राहकाकडे ऑर्डरींचा. अनुभवी माणूस इथे आधी लाइफटाइम लावायला जातो, एका स्ट्रक्टला लाइफटाइम लागला की तो ठेवणाऱ्यालाही लागतो, मग त्याला ठेवणाऱ्यालाही, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या फाइलींमध्ये ती एक अपॉस्ट्रॉफीवाली खूण पसरलेली असते, शेवटी ई0597 येतो की हे पुरेसं जगत नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे, पहिले तीन-चार महिने स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये रेफरन्स ठेवूच नका. अँड एसटीआर ऐवजी स्ट्रिंग ठेवा. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये रेफरन्स बिनधास्त घ्या, स्ट्रक्टमध्ये मात्र मालकीची वस्तू.

त्यानंतर लोक आरसी आणि रेफसेलकडे वळतात. ते वापरायला हरकत नाही, पण हे समजून वापरा की नियम तोच राहतो, फक्त तपासणी कंपाइलच्या वेळेवरून चालू प्रोग्रॅममध्ये ढकलली जाते. दोन ठिकाणी एकदम बॉरो म्यूट झालं की पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. शिवाय दोन आरसी एकमेकांना धरून बसले तर मेमरी सुटतच नाही, तिथे एका बाजूला वीक, म्हणजे मालकी न धरणारा दुवा, लागतो. त्यापेक्षा सगळ्या वस्तू एका व्हेकमध्ये ठेवा, तो व्हेक मालक, आणि एकमेकांकडे बोट दाखवायचं तर इंडेक्सने दाखवा. ग्राफसाठीचं पेटग्राफ क्रेट, म्हणजे तयार लायब्ररी, असंच आतून इंडेक्सवर चालतं. डेटाबेसमध्ये आपण फॉरेन की ठेवतोच ना, तीच गोष्ट. यात एक धोका आहे, वस्तू काढली आणि त्या जागी नवीन आली तर जुना इंडेक्स चुकीच्या वस्तूकडे जाईल. काढाकाढी होणार असेल तर स्लॉटमॅप क्रेट घ्या, त्यात इंडेक्ससोबत पिढीचा आकडा असतो आणि जुनी की दिली तर सरळ नन, म्हणजे काही नाही, मिळतं.

अनसेफ, म्हणजे काही तपासण्या स्वतःच्या जबाबदारीवर घेणारा ब्लॉक, याबद्दल विचारणारे बरेच असतात म्हणून एवढंच, अनसेफ लिहिल्याने बॉरो चेकर बंद होत नाही. रेफरन्सवरचे नियम तसेच राहतात, फक्त रॉ पॉइंटर वाचणं, अनसेफ फंक्शन बोलावणं अशी मोजकी पाच कामं करायची मुभा मिळते. ई0502 टाळण्यासाठी अनसेफ लिहिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, एरर जाईल आणि तोच बग मेमरीत राहील.

याच काळात आणखी दोन गोष्टी अडवतात, त्या बॉरो चेकरच्या नाहीत पण लोक त्याच गाठोड्यात टाकतात. एक, रस्ट पायथनपेक्षा स्लो वाटतंय. रिलीज फ्लॅग लावला का ते आधी बघा, नुसतं कार्गो रन म्हणजे डीबग बिल्ड, वेगासाठी न सुधारलेली. दोन, स्ट्रिंगला आकड्याने इंडेक्स करता येत नाही, ई0277 येतो. याचं कारण आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर पटायला हवं. मराठी हा शब्द घ्या. लेन विचारलं तर 15 येतं, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. चार्स मोजले तर 5, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. आपण वाचतो ती अक्षरं तीनच. आता शून्यावं अक्षर म्हणजे यातलं नेमकं कुठलं? कंपायलर अंदाज बांधत नाही, तुम्हाला ठरवायला लावतो. आणि बाइटची रेंज देऊन स्लाइस केलीत, समजा पहिले 4 बाइट, तर कंपाइल होईल पण चालताना पॅनिक, कारण चौथा बाइट दुसऱ्या चिन्हाच्या पोटात आहे. ग्राहकांची नावं कापून दाखवणारा कोड असेल तर टेस्टमध्ये देवनागरी नावं घालाच, इंग्रजी नावांवर हा बग कधीच दिसत नाही. वाचतो तशी अक्षरं हवी असतील तर युनिकोड सेगमेंटेशन क्रेट.

असिंक करत असाल तर तिथेही मूळ तेच. स्टँडर्ड लायब्ररीच्या म्यूटेक्सचा गार्ड, म्हणजे कुलपाची किल्ली, हातात ठेवून अवेट केलं की टोकिओ या असिंक लायब्ररीचं स्पॉन तक्रार करतं की फ्यूचर सेंड नाही, म्हणजे ते काम दुसऱ्या थ्रेडवर पाठवता येत नाही. गार्ड एका छोट्या कंसाच्या ब्लॉकमध्ये घ्या, हवी ती संख्या बाहेर काढा, ब्लॉक संपला की गार्ड सुटतो, मग अवेट.

दुरुस्ती झाली की नाही हे ओळखायचं कसं. एरर गेली हा पुरावा नाही. मी तीन गोष्टी बघतो. कार्गो क्लिपी, रस्टचं कोड तपासणारं टूल, चालवून ते कुठे उगाच क्लोन दाखवतंय का. बदल करणाऱ्या प्रत्येक मेथडची एक टेस्ट, जी बदलानंतर मूळ स्ट्रक्टमधून आकडा परत वाचते, म्हणजे कॉपीवर काम केलं असेल तर लगेच पकडलं जातं. आणि तिसरी, त्याच स्ट्रक्टमध्ये एक नवीन फीचर घालून बघायचं, आधीच्या ओळी न हलवता ते बसलं तर मांडणी सुधारली, नाही बसलं तर अजून काहीतरी एकत्र ठेवलंय जे वेगळं असायला हवं.

गोदामाचा तो स्ट्रक्ट आता तीन छोट्या स्ट्रक्टचा झालाय, साठा, रॅकनकाशा आणि सूचनावही, आणि तपास ही मेथड साठा वाचायला घेते, सूचनावही लिहायला. पूर्वी त्या फाइलमध्ये एकोणीस क्लोन होते. आता दोन आहेत, दोन्ही सूचनेत वस्तूचं नाव घालताना होणारे स्ट्रिंगचे, आणि ते तिथे असायलाच हवेत, कारण माल गोदामातून गेला तरी त्याची सूचना वहीत राहते.